सही मान्य, रक्कम अमान्य

(प्रस्तावना)

जुन्नर किंवा घोडेगावच्या कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन वस्तीवर येतो, तेव्हा घरातला कर्ता माणूस बहुधा रानात असतो. घरातलं कुणीतरी मोठं माणूस सही करून पाकीट घेतं. मग ते टीव्हीच्या मागे खोचलं जातं, आणि बाजारच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर ओळखीच्या वकिलाला दाखवू, असं ठरतं. साध्या दिवाणी दाव्यात एवढी ढिलाई खपून जाते. तिथे लेखी कैफियतीला तीस दिवस असतात आणि कारण दाखवलं तर नव्वदपर्यंत मिळतात. शिवाय ‘वकील नेमायचे आहेत, मुदत मिळावी’ हा अर्ज तर आपल्याकडे पहिल्या तारखेचा रिवाजच आहे. समरी दाव्यात मात्र त्या पाकिटातल्या छापील मजकुरात दहा दिवस लिहिलेले असतात, आणि ते पाकीट घरात ज्याने घेतलं त्याच्या सहीपासून चालू झालेले असतात. दोन आठवडी बाजार होईपर्यंत ते संपतात. त्यानंतर वादीने मागितलेली रक्कम, व्याज आणि खर्चासह, थेट हुकूमनाम्यात उतरू शकते. साक्ष नाही, उलटतपास नाही, हिशेब नाही.

ही पुस्तिका त्या दहा दिवसांसाठी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ३७ ज्याच्यावर येऊन आदळला आहे असा जुन्नर-आंबेगावातला माणूस, आणि त्याचं पाकीट ज्याच्या टेबलावर पडलं आहे असा नवा वकील, हे दोघे मी वाचक धरले आहेत. वादीच्या वकिलाला पुस्तिकेची गरज नाही. त्याचा दाव्याचा मसुदा संगणकात तयार असतो, नाव आणि रक्कम बदलायची एवढंच. कष्ट प्रतिवादीच्या बाजूला आहेत. कारण या दाव्यात त्याला बचावाचा हक्क आपोआप मिळत नाही, तो कोर्टाकडे मागावा लागतो. त्यालाच कचेरीच्या भाषेत ‘लीव्ह टू डिफेन्ड’ म्हणजे बचावाची परवानगी म्हणतात.

एखाद्या माणसाला स्वतःचा बचाव करायला परवानगी कशाला लागावी, हा प्रश्न पक्षकार पहिल्याच भेटीत विचारतो, आणि त्याचं उत्तर टाळण्यासारखं नाही. ही पद्धत व्यापाऱ्यांसाठी जन्मली. हुंडी, वचनचिठ्ठी ही कागदं हातोहात फिरायची. ती वटली नाहीत आणि धारकाला वर्षानुवर्षं दावा लढावा लागला, तर त्या कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि पेठ बसेल, असा विचार होता. इंग्लंडमध्ये १८५५ साली आणि आपल्याकडे १८६६च्या पाचव्या कायद्याने ही झटपट पद्धत आली. पुढे ती संहितेत शिरली, तरी बराच काळ तिचा वावर मुख्यतः मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा व्यापारी शहरांतल्या कोर्टांत राहिला. १९७६च्या दुरुस्तीने, जी १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाली, हा आदेश हायकोर्ट, शहर दिवाणी न्यायालय आणि लघुवाद न्यायालयाबरोबर ‘इतर न्यायालयां’नाही लागू झाला. म्हणजे काळबादेवीच्या पेढ्यांसाठी शिवलेला अंगरखा तालुक्याच्या कोर्टात आला. तिथे समोर उभा राहणारा प्रतिवादी पेढीवाला नव्हता. त्याने आयुष्यात हुंडी पाहिलेली नव्हती. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही मात्र अनेकदा केलेली होती.

आणि ज्या मुलखात हा आदेश आला, त्या मुलखाचा कर्जाच्या कागदाशी असलेला इतिहास साधा नाही. १२ मे १८७५ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोकांचा रोख कर्जरोखे आणि खतांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्याच काळात आपल्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, जांभोरीचा होनाजी केंगले १८७३ पासून सावकारांच्या मागे लागला होता. त्याची टोळी सावकारांची नाकं कापायची, आणि तो १८७६ साली पकडला जाईपर्यंत डोंगराकडेच्या गावांतले कित्येक सावकार घरदार सोडून गेले होते. या घटनांना बंड, दंगा, उठाव असं काय म्हणायचं ते ज्याने त्याने म्हणावं. सरकारने नेमलेल्या दंगा आयोगापुढे जे आलं ते आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. सावकारांचे बहुतांश दावे एकतर्फी निकाली निघत होते. कुळ कोर्टात येतच नव्हतं. त्यात १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू होता कर्जदाराच्या सोयीचा, पण घडलं उलटं: दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेतकऱ्याने घेतले शंभर, आणि तिसऱ्या रोख्यावर सही केली ती तीनशेवर. सही खरी होती. रक्कम खोटी होती, आणि तरी कागदाच्या दृष्टीने ती खरीच होती.

त्यावर उतारा म्हणून १८७९चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे त्याचे चार जिल्हे. त्या कायद्याचं बारावं कलम आजच्या वकिलानेही एकदा वाचावं असं आहे. शेतकऱ्यावरच्या कर्जाच्या दाव्यात न्यायाधीशाने व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा इतिहास तपासायचा. कर्जदाराने दावा कबूल केला असला तरीही, ती कबुली खरोखर समजून-उमजून दिली आहे अशी खात्री पटल्याशिवाय ही तपासणी सोडायची नाही. म्हणजे रोख्याच्या पाठीमागे जाऊन पहिले शंभर रुपये शोधायचे. या कायद्याखालच्या कामावर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काही वर्षं याच जिल्ह्यांतून दौरे केले आणि १८९३ साली ते हायकोर्टावर गेले. कायदा निर्दोष नव्हता. त्याने शेतकऱ्याची पत घटवली, आणि सावकार रोख्याऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला शिकले, अशी टीका तेव्हाच झाली आणि तिच्यात तथ्य होतं. पण त्या कायद्याची भूमिका स्वच्छ होती: प्रतिवादी गप्प बसला तरी कोर्टाने गप्प बसायचं नाही.

आदेश ३७ची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. तिथे प्रतिवादी गप्प बसला की दाव्यातली विधानं त्याने मान्य केली असं धरलं जातं. याच जिल्ह्यात शंभर वर्षांच्या अंतराने कायद्याने दोन टोकं गाठली, हे या विषयाकडे पाहताना विसरून चालत नाही. जुना कायदा केव्हाच गेला. त्याने न्यायाधीशावर टाकलेलं काम आता कर्जदारावर आहे: व्यवहार कधी सुरू झाला, किती घेतले, किती दिले, हे त्यानेच सांगायचं, आणि तेही दहा दिवसांत, शपथेवर.

आपल्या दोन तालुक्यांत असे दावे कोण लावतं? पतसंस्था लावत नाहीत. त्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१खाली सहायक निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो. तो वेगळा रस्ता आहे आणि त्याच्याविषयी या पुस्तिकेत काही नाही. मोठ्या कर्जांसाठी बँकांना कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. आपल्या कोर्टांत समरी दावे येतात ते मुख्यतः हातउसन्या रकमांचे, खाजगी फायनान्सवाल्यांचे, बियाणं-खत-औषधांच्या दुकानदारांचे, आणि नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर इथल्या बाजारांत माल आणि उचल यांची देवाणघेवाण करणाऱ्यांचे. कागद दोनच: चेक किंवा वचनचिठ्ठी, जिला सगळे ‘प्रॉमिसरी’ म्हणतात. लेखी करारावरून निश्चित रक्कम येणं असेल तरी समरी दावा लागतो. रक्कम निश्चित असली पाहिजे, हे मात्र पक्कं. नारायणगावच्या राहुट्यांत चैत्राच्या तोंडावर गावकारभारी येऊन तमाशाची सुपारी देतात आणि कागदावर आकडा लिहितात. खेळ झाला आणि ठरलेला आकडा थकला, तर तो समरीत मागता येईल. खेळ बुडाला म्हणून जत्रेची शोभा गेली, त्याची भरपाई द्या, असा दावा समरीत बसत नाही, कारण ती भरपाई किती हे कोर्टाने ठरवल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. काही दावे एवढ्याच मुद्द्यावर साध्या दाव्याच्या रांगेत जातात. म्हणून दाव्याची प्रत हाती आल्यावर पहिल्या पानावर नंबराखाली ‘आदेश ३७खाली’ असा शेरा आहे का आणि मागणी खरोखर त्यात बसते का, हे आधी पाहावं.

आता त्या दहा दिवसांविषयी. ते एकदा नसतात, दोनदा असतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. पहिलं समन्स येतं तेव्हा दहा दिवसांत फक्त हजर व्हायचं असतं: स्वतः किंवा वकीलपत्र देऊन, आणि नोटिसा पाठवण्यासाठी पत्ता द्यायचा. त्याच दिवशी वादीच्या वकिलाला हजर झाल्याची सूचना द्यायची. इथे कैफियत द्यायची नसते. घाईघाईने कैफियत दाखल करून ‘आम्ही आमचं म्हणणं दिलं’ म्हणून निर्धास्त बसलेले पक्षकार मी पाहिले आहेत. परवानगीशिवायची ती कैफियत फाईलला टाचलेला कागद ठरते. प्रतिवादी हजर झाल्यावर वादी दुसरं समन्स बजावतो. ते निकालासाठीचं समन्स, ‘समन्स फॉर जजमेंट’. त्याला वादीचं शपथपत्र जोडलेलं असतं: एवढी रक्कम येणं आहे आणि माझ्या समजुतीप्रमाणे प्रतिवादीला बचाव नाही. हे हाती पडल्यापासून पुन्हा दहा दिवस, आणि या दहांत परवानगीचा अर्ज, शपथपत्रासह. पहिला टप्पा चुकला तर दुसरा येतच नाही.

शपथपत्रात काय लिहायचं, यावर या पुस्तिकेची निम्मी पानं खर्च झाली आहेत, आणि ती व्हायलाच हवी होती. एक नमुना घेऊ. तो कुणा एकाचा नाही, पण वाचणाऱ्याला ओळखीचा वाटेल. सातगाव पठारावरचा बटाट्याचा शेतकरी. जूनच्या तोंडावर मंचरच्या दुकानातून बियाणं आणि खत मिळून एक लाख ऐंशी हजारांचा माल उधारीवर उचलला. दुकानदाराने ‘हमी म्हणून’ सही केलेला कोरा चेक घेतला. काढणीला पाऊस झाला, निम्मा माल जमिनीतच सडला. तरी दिवाळीला साठ हजार रोख दिले, वहीवर नोंद झाली, पावती मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मुलाच्या फोनवरून पन्नास हजार पाठवले. दोन वर्षांनी तोच चेक तीन लाख चाळीस हजारांचा होऊन बँकेत गेला आणि परत आला. मग नोटीस, आणि मग समरी दावा.

या शेतकऱ्याचं वाईट शपथपत्र असं असतं: ‘दाव्यातील मजकूर खोटा, लबाडीचा व मला मान्य नाही. चेक मी वादीला दिलेला नाही. वादीचा व माझा कोणताही व्यवहार नाही. वादीने माझी फसवणूक केली आहे.’ अशी चार वाक्यं घोडेगावात काय, कुठल्याही कोर्टात टिकणार नाहीत. सही त्याची आहे, खातं त्याचं आहे, आणि व्यवहार नाही म्हणणाऱ्याचे पन्नास हजार दुकानदाराच्या खात्यात गेल्याचं वादीच दाखवून देईल. पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम ११८प्रमाणे चेक मोबदल्यापोटीच दिला असं गृहीत धरलं जातं, आणि कोरा मुद्रांकित कागद सही करून दिला तर तो भरण्याचा अधिकार दिला असं कलम २० सांगतं. ‘चेक कोरा होता’ एवढं म्हणून भागत नाही, ते यामुळे.

चांगलं शपथपत्र सही मान्य करतं. माल किती घेतला ते सांगतं, तारीख आणि बिलासह. चेक कधी, कुठे, कशासाठी दिला; त्यावर त्या वेळी काय लिहिलं होतं आणि काय नव्हतं; अक्षर कुणाचं. साठ हजार कुणासमोर दिले, दुकानात तेव्हा कोण होतं. पन्नास हजारांचा यूपीआयचा उतारा जोडतं. बाजार समितीची हिशेबपट्टी असेल तर त्या दिवशी हातात पैसे आले होते हे त्यातून दिसतं, तीही जोडतं. आणि शेवटी आकडा सांगतं: माझ्याकडे सत्तर हजार निघतात, तीन लाख चाळीस हजार नाही. ही कबुली पक्षकाराला जड जाते. वकिलालाही जड जाते, कारण मान्य केलेली रक्कम कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळत नाही, असं नियम ३मध्येच लिहिलं आहे. पण सत्तर हजार मान्य करणाऱ्याचं उरलेल्या दोन लाख सत्तर हजारांविषयीचं म्हणणं न्यायाधीश ऐकतात, आणि काहीच मान्य न करणाऱ्याचं सगळंच संशयास्पद वाटू लागतं. हा माझा अनुभव आहे, कायदा नव्हे. पण कायदाही त्याच दिशेने जातो.

पुरावा कुठे आहे, असं वादीचा वकील विचारेलच. त्याला उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली संतोषकुमार विरुद्ध भाई मूलसिंग या खटल्यात दिलेलं आहे. निकाल न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा, ज्यांची वकिली आणि न्यायाधीशकी आधी नागपूरला गेली होती. साठ हजारांचा चेक, न वटलेला. प्रतिवादी म्हणत होते की तो मालाच्या किमतीपोटी तारण म्हणून दिला होता आणि ती किंमत रोखीने व दुसऱ्या चेकांनी फेडली आहे. खालच्या कोर्टाने म्हटलं की याला कागदपत्रांचा आधार नाही, तेव्हा तारण दिलं तरच बचाव करा. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढली. परवानगीच्या टप्प्यावर पुरावा मागणं म्हणजे खटला चालवण्याआधीच निकाल लावणं. या टप्प्यावर पाहायचं ते एवढंच, की सांगितलेली हकिकत खरी ठरली तर तो बचाव होतो का. तारणाचा चेक ही गोष्ट आपल्या दुकान-बाजारात इतकी सर्रास आहे, की हा निकाल मंचरच्या एखाद्या खातेवहीवरून लिहिला आहे असं वाटावं.

त्यानंतर कायदा थोडा सरकला. २०१६ साली आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या मुंबईहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, १९७६ची दुरुस्ती लक्षात घेऊन, जुनी सूत्रं नव्याने मांडली. बचाव भक्कम असेल, किंवा भक्कम नसला तरी तपासण्यासारखा आणि रास्त असेल, तर बिनशर्त परवानगी. मुद्दा आहे पण प्रतिवादीच्या हेतूविषयी शंका आहे, तर पैसे भरण्याची किंवा तारणाची अट घालता येते. बचाव शक्य आहे पण पटणं कठीण आहे, तर अट अधिक कडक, मुद्दल आणि व्याजापर्यंत. बचाव पोकळ किंवा नुसता त्रास देण्यासाठी असेल तर नकार. हबटाऊनला ४१८ कोटींची रक्कम भरण्याच्या किंवा तिचं तारण देण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. आपल्या कोर्टात आकडे लाखांत असतात, पण ज्याचा बटाटा सडला आहे त्याला सव्वा लाख आठ आठवड्यांत भरण्याची अट ही नकाराहून फार वेगळी नसते. मला इथे स्पष्ट बोलायचं आहे. सशर्त परवानगी हा मधला, सोयीचा मार्ग म्हणून वापरला जातो. ‘निम्मे भरा आणि लढा’ हा हुकूम कुणालाच नाराज करत नाही असं वाटतं. नियमातलं परंतुक वेगळं सांगतं: भरीव बचाव दिसत नाही किंवा तो पोकळ आहे अशी खात्री झाल्याशिवाय परवानगी नाकारायची नाही. परवानगी देणं हा सर्वसाधारण नियम आणि नाकारणं हा अपवाद, असं २०२२मध्ये बी. एल. कश्यप प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं. अट परवडणारी नसेल तर तसं कारणांसह लेखी म्हणावं, आणि गरज पडली तर संविधानाच्या अनुच्छेद २२७खाली हायकोर्टात जावं. अट घातली आणि पैसे भरले नाहीत, तर हुकूमनामा आलाच.

सावकारीचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण आपल्या भागात तोच सर्वांत जास्त लागू होतो आणि सर्वांत कमी मांडला जातो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४, कलम १३: कर्ज दिलं तेव्हा सावकाराकडे वैध परवाना होता अशी खात्री झाल्याशिवाय कोर्टाने त्याच्या बाजूने हुकूमनामा करायचा नाही. ‘शेकडा तीन’, ‘शेकडा पाच’ हे दर महिन्याचे असतात. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर ९ आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांवर जाता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याजही घेता येत नाही; दामदुपटीचा हा नियम आपल्या आजोबा-पणजोबांना पाठ होता. अर्थात एकदाच कुणी मित्राला पैसे दिले म्हणून तो सावकार होत नाही. व्याजाने पैसे देणं हा त्याचा धंदा आहे, हे दाखवावं लागतं. व्यापाऱ्याला दिलेली उचल आणि चेकवर दिलेल्या मोठ्या रकमा कर्जाच्या व्याख्येतून काही अंशी वगळल्या आहेत, तेही तपासावं. धंदा कसा दाखवायचा? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वादीच्या नावाने जुन्नर आणि घोडेगावचे दावे शोधले, तर त्याने आणखी किती जणांवर असेच दावे आणि चेकच्या फिर्यादी लावल्या आहेत ते दिसतं. ती यादी शपथपत्राला जोडावी. परवाना आहे का, हे सहायक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज करून विचारावं. माझं मत असं, की कलम १३ची भाषा न्यायाधीशालाच बांधते. प्रतिवादी हजर नसला तरी, दाव्यातला मजकूर सावकारीसारखा दिसत असेल तर परवान्याची विचारणा कोर्टाने स्वतः करायला हवी. १८७९च्या कायद्याचा एक तुकडा अजून जिवंत आहे तो इथे.

प्रतिवादीची बाजू घेताना वादी म्हणजे खलनायक असं मात्र मी धरलेलं नाही. उधारीवर माल देऊन दोन-दोन हंगाम वाट पाहणारा दुकानदार, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे भावकीत हातउसने देऊन बसलेला निवृत्त शिक्षक, हेही समरी दावा लावतात, आणि त्यांना साध्या दाव्याच्या रांगेत सात-आठ वर्षं उभं करणं हा न्याय नाही. केवळ वेळ काढण्यासाठी परवानगी मागणाऱ्यांसाठी ही पुस्तिका लिहिलेली नाही. अशा अर्जांमुळेच कोर्टाची नजर संशयी होते आणि ज्याचा बचाव खरा आहे त्याच्यावर अट बसते.

बचाव ऐकला गेला तर काय घडू शकतं, याचं एक जुनं उदाहरण जुन्नर तालुक्यातलंच आहे. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४च्या सुमारास सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय, घरातलं लग्न लावलं. गावच्या वतनदार जोशांनी आपल्या दक्षिणेची मागणी कोर्टात नेली. वतन होतं, रिवाज होता, मागणी वरवर पाहता बिनतोड होती. पाटलांचं म्हणणं सरळ होतं: काम करून घेतलंच नाही, तर पैसे कशाचे? प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि १८९०मध्ये निकाल पाटलांच्या बाजूने लागला. हा समरी दावा नव्हता, म्हणून त्यांना ते म्हणणं मांडायला कुणाची परवानगी लागली नाही.

मुदत उलटून गेलेल्यांसाठी दोन दारं उघडी आहेत, अरुंद आहेत. हुकूमनामा झाला नसेल, तर पुरेसं कारण दाखवून उशीर माफ होतो. आजारपणाचे कागद, बाहेरगावी मजुरीला गेल्याचा दाखला, जे असेल ते जोडावं. हुकूमनामा झाला असेल, तर नियम ४खाली ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते. साध्या एकतर्फी हुकूमनाम्यापेक्षा ही पायरी उंच आहे. समन्स मिळालंच नव्हतं एवढं सांगून थांबू नये. मिळालं असतं तर काय बचाव केला असता, हेही त्याच अर्जात सांगावं लागतं. २००३च्या रजनीकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं आहे. आणि दरखास्त लागून नाझर जप्तीला आलाच, तर संहितेचं कलम ६० लक्षात ठेवावं: शेतकऱ्याची अवजारं, औताची जनावरं, बियाणं आणि तो स्वतः राहतो ते घर जप्त होत नाही.

चेकची फौजदारी केस त्याच वेळी चालू असेल, तर दोन्हीकडे एकच हकिकत सांगावी. एका कोर्टात ‘चेक चोरीला गेला’ आणि दुसऱ्यात ‘चेक तारण दिला’, असं म्हणणारा दोन्हीकडे हरतो. दाव्याआधीच्या नोटिशीला उत्तर द्यावं. नोटीस घेऊन गप्प बसलेल्या माणसाचा बचाव नंतर सुचलेला वाटतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून पाकीट टीव्हीमागे ठेवू नका. जुन्नर आणि घोडेगाव, दोन्ही कोर्टांत तालुका विधी सेवा समिती आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींची माणसं, म्हणजे आपल्या डोंगरपट्ट्यातले महादेव कोळी, ठाकर, कातकरी, यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२प्रमाणे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. जाताना समन्सचं पाकीट, चेकबुकाची उरलेली पानं, पासबुक, हिशेबपट्ट्या आणि फोनमधले पैसे पाठवल्याचे मेसेज घेऊन जा. समन्स कुणी, कोणत्या तारखेला घेतलं ते पाकिटावर लिहून ठेवा, आणि दहा दिवस त्या तारखेपासून मोजा.